तोंड दौलतचं, आवाज माझा

माझ्या बायकोला माझे बहुतेक सगळे दोष ठाऊक आहेत. मी घोरतो, तोंडावर केलेली स्तुती खरी मानतो, नातेवाइकांची लग्नं टाळतो — सगळं. हे एवढं मात्र तिलाही ठाऊक नाही. कितीदा तरी सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि गॅस सिलिंडरबद्दल काहीतरी बोलून बसलो. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ओळखतही असाल — त्या एका चित्रपटामुळे.

चित्रपटाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही तो मोबाइलवर शोधाल आणि तुम्हाला तो आवाज ऐकू येईल. आणखी कुणी तो ऐकू नये असं मला हल्ली वाटतं.

गोष्ट साधी होती. बागलाणातल्या खेड्यातला एक माणूस नाशकात येतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रावर कंत्राटी कामाला लागतो आणि उरलेल्या वेळात दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो. साखळीचा धंदा — माणसाखाली माणूस जोडायचा. हॉटेलांच्या हॉलमध्ये 'यशस्वी कसे व्हाल' अशी शिबिरं असतात ना, तिथे हा जातो. तिथे त्याला सांगतात, आधी भाषा सुधार. मग तो आरशासमोर उभा राहून शुद्ध बोलायला शिकतो. मोठा होतो, थोडा. मग आपटतो. शेवटी गावी परत येतो, आईच्या बंद दाराशी उभा राहतो आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा आपल्या बोलीत हाक मारतो — "माय, मी उनू. दार उघड." संपला चित्रपट. सगळा चित्रपट त्या एका हाकेसाठी होता. मी लिहिला तेव्हा तरी तसंच होतं.

या कामासाठी मी दौलतला घेतला. दौलत नामपूरच्या कांदा बाजारात लिलाव पुकारायचा. मी तिकडे जागा बघायला गेलो होतो आणि ट्रॅक्टरांच्या गर्दीतून हा आवाज आला. जाड, थोडा फाटका, पण शेवटच्या ट्रॉलीपर्यंत स्पष्ट पोचणारा. मी गर्दीत घुसून माणूस शोधला. बघतो तर गॉगल घातलेला, केसांना कलप लावलेला, पन्नाशीला टेकलेला गडी. मी म्हटलं, चित्रपटात काम करणार का? तो म्हणाला, "हीरोचं असंल तर करू." थट्टा नव्हती ती. त्याला खरंच हीरो व्हायचं होतं. गणपतीत नाटकं केलेली होती आणि गावातल्या प्रत्येक वऱ्हाडाच्या फोटोत हा पुढे. शूटिंग सुरू झाल्यावर रोज विचारायचा, "सर, आज माझा जवळून घेणार ना?" सगळं युनिट त्याला हसायचं. मीही हसायचो.

मग हळूहळू हसणं बंद झालं. का, ते सांगायला मला आजही जड जातं. तो चांगला होता. मी सांगितलं त्यापेक्षा जास्त चांगला. मी प्रसंग समजावायला लागलो की अर्ध्यात म्हणायचा, "कळलं सर," आणि त्याला खरंच कळलेलं असायचं.

शेवटचा प्रसंग आम्ही नामपुरात, त्याच्याच घराच्या दाराशी घेतला. दिवस त्यानेच सुचवला होता. अमावस्येला आमच्याकडे लिलाव बंद असतो, गावात एक ट्रॅक्टर फिरत नाही, एकदम शांत असतं, असं त्याचं म्हणणं. युनिटमधल्या दोघातिघांनी कुरकुर केली — अमावस्येला कोणी शूटिंग करतं का? मी त्यांच्यावर डाफरलो आणि नारळ फोडायला लावला. घरात त्याची आई होती. वय झालेलं, बाहेर कुठे पाठवणार? तिला सांगितलं, आत बसा, बोलू मात्र नका. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीने दाराच्या आतल्या बाजूला, कडीपाशी, एक माइक लपवून ठेवला.

दौलत दाराशी आला. थांबला. म्हणाला, "माय, मी उनू. दार उघड."

आणि आतून त्याची आई बोलली. विसरलीच ती. "उना का रे दौलत? थांब, कडी काढस."

पात्राचं नाव दौलत नव्हतं. टेक बाद व्हायला हवा होता. पण मी 'कट' म्हणालो नाही, कारण दौलतचा चेहरा बघत होतो. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो खाली बघून म्हणाला, "हां माय, मीच शे." मग मी कसाबसा 'कट' म्हणालो. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीने हेडफोन काढले. रडत होती. मला म्हणाली, "याला आता हात लावू नका. पिक्चर झाला." सगळे दौलतभोवती जमले. कुणी पाठ थोपटली, कुणी गळ्यात पडलं. त्याची आई कडी काढून बाहेर आली तर सगळे तिच्या पाया पडायला लागले, ती बिचारी गोंधळून गेली.

माझ्याकडे कुणी आलं नाही.

तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मलाही वाटतं. पण माझ्या पोटात तिथेच दुखायला लागलं. वर्षानुवर्षं मी ती गोष्ट उराशी धरून फिरलो होतो, निर्मात्यांची दारं झिजवली होती — आणि चित्रपट झाला तो कांद्याच्या बाजारातल्या एका माणसाचा आणि त्याच्या म्हातारीचा? त्यांनी तर माझे शब्दही पाळले नव्हते.

संकलनाला बसलो तेव्हा ते दुखणं रोज वाढलं. कारण तो प्रसंग बघताना मला मी कुठेच दिसत नव्हतो. इथे एक सांगायला हवं, तेही तुम्ही हसाल म्हणूनच सांगतो — माझा आवाज चांगला आहे. कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेल्या आहेत. नाशकातल्या कितीतरी कार्यक्रमांचं निवेदन मी केलं आहे. आणि माझ्या मनात आलं की दौलतचा आवाज काढून टाकावा.

एवढं स्पष्ट मी स्वतःशीही तेव्हा म्हटलं नव्हतं. स्वतःला सांगितलं, बाहेरच्या लोकांना ही बोली कळणार नाही. सांगितलं, स्पर्धेचे परीक्षक मुंबईचे असतात. पण खरं कारण ते नव्हतं.

ध्वनिमुद्रण करणारी मुलगी तोवर दुसऱ्या कामाला बेंगळुरूला गेली होती. मी सगळ्यांना सांगितलं, लोकेशनचा आवाज खराब झाला आहे, सगळं डबिंग करावं लागेल. दौलतलाही तेच सांगितलं. म्हणालो, "शेवटच्या सीनमध्ये तर ट्रॅक्टरांचा फार आवाज आलाय रे." आता तुमच्या लक्षात आलं असेल. अमावस्या होती. गावात ट्रॅक्टर नव्हते. आणि तो दिवस त्यानेच निवडला होता. पण थाप मारताना मला हे आठवलं नाही.  दौलत फोनवर म्हणाला, "असं का? बरं."

डबिंगला बोलावलं, ते लिलाव संपवून ये म्हणून. म्हणजे सकाळपासून ओरडून घसा बसलेला. गंगापूर रोडला एका मित्राच्या बंगल्यात भिंतींना गाद्या लावून केलेली खोली होती. पडद्यावर ओठ हलतात त्याच क्षणी बोलायचं — शिकलेल्यालाही सहज जमत नाही. मी त्याला एक वाक्य परत परत बोलायला लावलं. प्रत्येक वेळी अर्ध्यात थांबवायचो. "पुन्हा." "उशीर झाला." "पुन्हा." तो घामाघूम झाला. शेवटी मीच समजूतदार आवाज काढून म्हणालो, "राहू दे दौलत, मी करतो." तो कपाळ पुसत म्हणाला, "करा सर. पिक्चर चांगला झाला पाहिजे." मी त्याला खाली नेऊन चहा पाजला. चहा पाजला, हे मला कशाला आठवतं कोण जाणे.

मग त्या खोलीत एकटा उभा राहून त्याच्या तोंडात माझा आवाज घातला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि ती हाक — तीही बदलली. "आई, मी आलो. दार उघड." फार सुंदर म्हटली मी. आईचं बोलणं आणि 'मीच शे' कापून टाकलं.

नाशकात पहिला खेळ लागला तेव्हा नामपूरहून दोन जीप भरून लोक आले. दौलत नव्या शर्टात, गॉगल डोक्यावर. आई त्याच्या शेजारी, आणि मी त्यांच्या मागच्या रांगेत. चित्रपट सुरू झाला, दौलत पडद्यावर आला, बोलला. त्याने गावात कुणालाच काही सांगितलं नव्हतं, हे मला तिथे कळलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आई मोठ्याने म्हणाली, "हाऊ कोन बोली ऱ्हायना रे?"

पुढून कुणीतरी 'श्श' केलं. ती परत म्हणाली, "हाऊ तुना आवाज नही."

दौलत तिच्याकडे वाकून म्हणाला, "मीच शे, माय. गप ऱ्हाय."

 पडद्याकडे बघायचं सोडून तिने अंधारात त्याच्या चेहऱ्याकडे बघायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत तशीच बघत राहिली. मी बाहेर जाऊ शकलो असतो. गेलो नाही. उलट शेवटच्या हाकेला थिएटर कसं शांत होतं ते मला ऐकायचं होतं. शांत झालं. टाळ्याही पडल्या.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. चित्रपट महोत्सवांत फिरला, बक्षिसं मिळाली. एका समीक्षकाने लिहिलं की शेवटीसुद्धा त्या माणसाला त्याची बोली परत मिळत नाही, यशाच्या मागे धावताना ती कायमची गेली, हे दिग्दर्शकाने किती निर्दयपणे दाखवलं आहे. मी ते वाचलं तेव्हा क्षणभर मला माझीच कीव आली. चर्चेत कुणीतरी विचारलं, हा निर्णय कसा घेतलात? मी माइक हातात घेतला. म्हणालो, "फार विचार करून घेतला." त्यानंतर प्रत्येक ठिकाणी तेच म्हणालो. आता कार्यशाळांमध्ये तो प्रसंग मुलांना दाखवतो आणि भाषा हरवण्यावर बोलतो. मुलं लिहून घेतात.

दौलतलाही त्यातलं थोडं मिळालं. चौकात फ्लेक्स लागले, गावाने सत्कार केला, मी प्रमुख पाहुणा. निवेदकाने त्याला आग्रह केला, एक डायलॉग होऊन जाऊ द्या. दौलतने घसा खाकरला, डोळे मिटले आणि म्हणाला — "आई, मी आलो. दार उघड." माझ्या आवाजात. माझा सूर, माझा थांबा, 'आलो'वरचा माझा तो हलका भार, सगळं जसंच्या तसं. त्याने घरी सराव केला असणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई पहिल्या रांगेत बसली होती, पदर तोंडाशी धरून. मीही टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून मी घरी आल्यावर 'दार उघड' असं म्हणत नाही. किल्ली जवळ ठेवतो. बायकोला वाटतं, तिची झोपमोड नको म्हणून. पण चुकून म्हटलं की मला समोर दौलतचं तोंड हलताना दिसतं. मग बोललेलं माझं की त्याचं, हे एखाद्या क्षणापुरतं खरंच कळत नाही. तुम्हाला वाटत असेल, मी सांगायचं ते सांगून झालं. हेवा, थाप, चोरी. एवढंच असतं तर मी कदाचित केव्हाच बायकोला सांगून मोकळा झालो असतो.

गेल्या वर्षी दौलतची आई गेली.

मी दहाव्याला जाऊन आलो. नंतर काही दिवसांनी दुपारी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. कांद्याचं बोलला. मग म्हणाला, "सर, एक काम व्हतं. तो शेवटचा सीन घेतला, त्यात माय बोलली व्हती. तो आवाज हाय का तुमच्याकडं?"

मी म्हणालो, "अरे, तो खराब आहे. ट्रॅक्टरांचा…"

"सर," तो म्हणाला, "त्या दिवशी अवस व्हती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला तवाच कळलं व्हतं. पण म्हटलं जाऊ द्या. मलाबी हीरो व्हायचं व्हतं ना. मी भांडलो असतो तर पिक्चर आला असता का?" तो थोडा हसला. "त्याचं काय नाय आता. मायचे फोटो लय हायेत, सर. आवाज नाय. पोरांनी सगळे मोबाइल बघितले, एकात बी नाय. ती फोन आला की माझ्याच हातात द्यायची. तेवढा तुकडा द्या फक्त."

इतकं सोपं केलं होतं त्याने. कबूल कर असंही म्हणाला नाही. मी म्हणालो, "बघतो. जुन्या डिस्कमध्ये शोधावं लागेल."

शोधावं लागणार नव्हतं. टेबलाच्या खणातच होती. जोडली, हेडफोन लावले आणि ऐकलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. स्वच्छ होतं सगळं. लांबवर एक कोंबडा, बाकी काही नाही. दौलतची हाक. मग तिचं, "उना का रे दौलत? थांब, कडी काढस." मग त्याचं, "हां माय, मीच शे." मग माझा 'कट'. संकलनात मी नेहमी तिथेच थांबवायचो. त्या दिवशी थांबवलं नाही. बाहेरची गडबड लांबून ऐकू येत होती, लोक दौलतला शाबासकी देत होते. आणि कडीपाशी लपवलेल्या माइकच्या अगदी जवळ, दाराकडे येता येता, म्हातारी स्वतःशीच पुटपुटली — "त्याले भूक लागनी व्हई."

हे तिथे कुणीच ऐकलेलं नव्हतं. दार बंद होतं. दौलतनेही नाही.

मी हेडफोन काढले. मग विचार करायला लागलो, आणि काय विचार केला ते जसंच्या तसं सांगतो. हा तुकडा दौलतकडे गेला की तो सगळ्यांना ऐकवणार. गावात ऐकवणार, मोबाइलच्या स्टेटसला लावणार, त्याचा स्वभावच तो. मग कुणीतरी विचारणार, हे इतकं असताना चित्रपटात ते का नाही? मग तो 'फार विचार करून घेतलेला' निर्णय काय होता ते लोकांना कळणार. येत्या महिन्यात मला एके ठिकाणी परीक्षक म्हणून बोलावलं होतं. एवढंच होतं ते. दौलतला तर सगळं आधीच माहीत होतं, त्याच्यापासून लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी दारू प्यायलेलो नव्हतो. रागात नव्हतो. ऊन होतं, स्वयंपाकघरात बायको कुकर लावत होती. मी तो तुकडा पुसला. त्याची दुसरी प्रत होती, तीही शोधून पुसली. मग त्याला फोन केला.

"पाहिलं," मी म्हणालो. "नाहीये रे. सगळं गेलंय."

"नीट बघितलं ना, सर?"

"हो," मी म्हणालो. "नीट बघितलं."

तो म्हणाला, "बरं." फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "वहिनींना घेऊन या कधी तरी."

त्याच्या आईचं ते शेवटचं वाक्य आता फक्त मला ठाऊक आहे. मी दौलतला ते सांगितलेलं नाही.